आखूड नळीला कोणती बारूद? एका समजाची पार्श्वभूमी

रायफलची काडतुसं स्वतः भरायला बसलेल्या नवख्याला एक नियम हमखास ऐकवला जातो: जड गोळीला सावकाश जळणारी बारूद, आखूड नळीला चटकन जळणारी. यातलं पहिलं अर्धं बरोबर आहे. दुसरं बहुतेक वेळा चुकतं, तरी पटतं मात्र लगेच. ते का पटतं, हे बघायला काळ्या बारुदीपर्यंत मागे जावं लागतं.

सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या त्या मिश्रणाचा वेग बदलायचा सोपा मार्ग एकच होता, दाणा लहानमोठा करणं. पिस्तुलाला वाळूसारखी बारीक, बंदुकीला मध्यम, तोफेला जाडीभरडी. आखूड हत्यार म्हणजे चटकन जळणारी बारूद हे समीकरण तिथूनच डोक्यात बसलं असावं, असं मला वाटतं.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून धूर न करणारी बारूद बनवली आणि १८८६ च्या लेबेल रायफलमध्ये ती आली. ब्रिटिशांचं .३०३ काडतूस मात्र १८८८ मध्ये काळ्या बारुदीवरच सुरू झालं. कॉर्डाइट, म्हणजे त्यांची धूर न करणारी बारूद, मागाहून आलं. ते लांब काड्यांच्या रूपात असायचं. त्यांची जुडी काडतुसाची मान आवळण्याआधीच आत सरकवावी लागे, कारण मान अरुंद झाल्यावर ती आत जाणं अवघड. शिवाय ते इतकं तापायचं की ली-मेटफर्ड या ब्रिटिश रायफलच्या नळीतले उथळ आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) झिजून गेले आणि १८९५ मध्ये खोल आट्यांची ली-एनफील्ड आणावी लागली.

गोळीच्या वजनाचा प्रश्न पुढच्या दहा वर्षांत ऐरणीवर आला. जर्मनांनी १९०५ मध्ये १४.७ ग्रॅमची बोथट गोळी सोडून सुमारे १० ग्रॅमची टोकदार गोळी घेतली. अमेरिकनांनी १९०६ मध्ये २२० ग्रेनवरून (सुमारे १४ ग्रॅम) १५० वर (सुमारे १० ग्रॅम) उडी मारली. वेग सेकंदाला ७०० मीटरवरून ८२० च्या आसपास गेला. हलकी गोळी चटकन पुढे सरकते, तिच्या मागची जागा भराभर वाढते, म्हणून थोडी वेगाने जळणारी बारूद चालून जाते. जड गोळी जागची हलायला वेळ घेते. तिच्यामागे तीच बारूद पेटली तर दाब हाताबाहेर जातो. वायू सबुरीने सुटायला हवा.

नळीचं गणित वेगळं आहे. रायफलमध्ये दाबाचा कळस पहिल्या काही इंचांतच येऊन जातो. पुढची सगळी नळी उतरत्या दाबावर गोळी ढकलत राहते. त्यामुळे सुरक्षित दाबात राहून लांब नळीत सर्वाधिक वेग देणारी बारूद आखूड नळीतही बहुधा पुढेच असते. ब्रिटिशांनी ३० इंचांची नळी २५ वर आणली, तेव्हा वेग थोडा घटला, रायफल निकामी झाली नाही. नळी कापल्याची खरी किंमत तोंडाशी मोजावी लागते: भडका आणि कानठळ्या. १९४४ च्या सुमारास आलेल्या आखूड ब्रिटिश रायफलीच्या, ‘जंगल कार्बाइन’च्या, तोंडावरचं शंकूसारखं टोपण त्या भडक्यासाठीच होतं.

हौशी लोकांना निवडीला वाव मिळाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. ब्रूस हॉजडन यांनी अमेरिकी सरकारची उरलेली बारूद विकत घेऊन सुटी विकायला सुरुवात केली. त्यातली ४८३१ क्रमांकाची बारूद २० मिलिमीटरच्या तोफेसाठी बनवलेली, म्हणून अगदी सावकाश जळणारी. मोठ्या काडतुसात जड गोळीमागे ती चपखल बसली. हा आकडा पुढे आयएमआर (IMR) या दुसऱ्या छापाच्या डब्यावरही आला, पण ती बारूद हॉजडनच्या ४८३१ पेक्षा थोडी वेगाने जळते. एकीचं माप दुसरीला लावलं तर दाब वाढतो. भरण्याचं माप शोधताना आकड्याआधीची अक्षरंही (हॉजडनसाठी H, आयएमआरसाठी IMR) जुळवून पाहायची, ती यासाठी.