ब्रिसेइसच्या चौदा ओळी

सर्सी, अरियाडने, मेडूसा... ग्रीक पुराणातल्या बायकांनी आपापली बाजू मांडावी अशा इंग्रजी कादंबऱ्यांची सध्या रीघ लागली आहे. लाट ताजी वाटते खरी, पण तिचा उगम प्राचीन ग्रीक कवी होमरमध्येच आहे.

ट्रॉयच्या युद्धावरच्या त्याच्या 'इलियड' या महाकाव्यातलं भांडण पेटतं ते ब्रिसेइसवरून. लुटीत ग्रीक योद्धा अकिलीसच्या वाट्याला आलेली ही बाई ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगामेम्नॉन हिसकावून घेतो आणि अकिलीस रुसून बसतो. 15 हजारांहून जास्त ओळींच्या या काव्यात ती स्वतः बोलते एकदाच, 19व्या सर्गात, अकिलीसचा जिवलग मित्र पात्रोक्लस याच्या प्रेतापाशी. ओळी 14. नवरा डोळ्यांदेखत मारला गेला, तीन भाऊ गेले; आणि पात्रोक्लस तिला सांगत असे, रडू नकोस, अकिलीसशी तुझं रीतसर लग्न लावून देईन. म्हणजे नवऱ्याच्या मारेकऱ्याशीच! तिच्याबरोबर इतर बायकाही रडतात. होमर सांगतो, निमित्त पात्रोक्लसचं, दुःख जिचं तिचं.

इ.स.पू. 415 मध्ये ग्रीक नाटककार युरिपिडिसने ट्रॉयच्या बंदिवान बायकांनाच रंगमंचावर उभं केलं. अथेन्सने मेलोस बेटावरचे पुरुष कापून बायकापोरांना गुलाम केलं, त्याला तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. पुढे रोमन कवी ओव्हिडने नायिकांची पत्रं रचली. त्यातली ब्रिसेइस आधीच सांगून टाकते की परक्या हाताला ग्रीक नीट लिहिता येत नाही, आणि कागदावरचे डाग आसवांचे आहेत.

विसाव्या शतकात, 1983 साली, पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा वोल्फने ट्रॉयची राजकन्या कसांड्रा हिला कादंबरीत बोलतं केलं. तिच्या ट्रॉयमध्ये शीतयुद्धाची धग आहे. कादंबरीसोबतच्या व्याख्यानांतला काही मजकूर तिथल्या सेन्सॉरने कापलाही.

पण राण्या आणि राजकन्यांना निदान नावं तरी होती. मार्गारेट अ‍ॅटवूडने 2005 मध्ये होमरच्या 'ओडिसी'चा नायक ओडिसियस याच्या बायकोची, पेनेलोपीची कथा लिहिताना, तो घरी परतल्यावर फासावर लटकवलेल्या 12 दासींचा कोरसच, म्हणजे ग्रीक नाटकातल्यासारखा गायकवृंदच उभा केला. 2017 मध्ये एमिली विल्सनच्या 'ओडिसी'च्या अनुवादात याच बायका 'गुलाम' झाल्या. आधीच्या अनेक इंग्रजी अनुवादांत त्या नुसत्या मोलकरणी होत्या. माझ्या मते या एका शब्दाने दहा कादंबऱ्यांचं काम केलं.

पुढच्याच वर्षी पॅट बार्करने ब्रिसेइसला आख्खी कादंबरी दिली. गंमत अशी, की मध्यावर पोचल्यावर तिथेही काही प्रकरणं अकिलीसच घेऊन जातो.