टायटल पॅक नेलात? कॉपीवरून कॉपी करण्याआधी हे वाचा

आमचा टायटल पॅक (व्हिडिओवर दिसणाऱ्या नावांच्या तयार टेम्प्लेटचा संच) नेल्यावर ग्राहकांचा पहिला फोन बहुतेक वेळा एकाच गोष्टीसाठी येतो : "एका टायटलचा रंग बदलला, बाकीच्यांना का लागला नाही?" दोष पॅकमध्ये नसतो, टायटल टाइमलाइनवर (जिथे क्लिप ओळीने मांडतो तिथे) कुठून आणलं त्यात असतो. टेम्प्लेट इन्स्टॉल कसं करायचं हे तुम्हाला येतंच, ते इथे सांगत बसत नाही.

गोंधळ होतो तो असा. पहिलं लोअर-थर्ड (पडद्याच्या खालच्या भागातली नाव-हुद्द्याची पट्टी) तुम्ही पॅकमधून आणता, नाव-हुद्दा भरता, काम झकास होतं. पुढच्या पाहुण्याच्या वेळी तेच ऑल्ट दाबून पुढे ओढता, म्हणजे त्याची कॉपी करता, आणि नाव बदलता. या पाहुण्याचं नाव लांबलचक, म्हणून क्लिपच्या सेटिंगमधून अक्षरं जराशी बारीक करता. तिसरं टायटल या बारीक केलेल्यावरून निघतं. चौथ्याच्या मागे उजळ भिंत येते, म्हणून पट्टी थोडी गडद होते आणि पाचवं त्या गडद पट्टीवरून. शेवटपर्यंत दोन टायटलं एका मापाची उरत नाहीत. एकेक पाहताना हे जाणवत नाही, सलग पाहिलं की लगेच खटकतं. नेमकं तेव्हाच क्लायंट पट्टीचा रंग बदलायला सांगतो आणि तुम्ही रात्री उशिरा एकेक टायटल उघडत बसता. टाइमलाइनवरची प्रत्येक कॉपी स्वतंत्र असते, एकीतला बदल दुसरीला कळत नाही. एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमियर प्रो असो, रिझॉल्व्ह (तिथलं टेक्स्ट प्लस हे टायटलचं साधन) असो की फायनल कट, एरवी हा नियम सगळीकडे तोच.

म्हणून प्रोजेक्ट सुरू करतानाच 'मूळ टायटल' नावाची छोटी सिक्वेन्स (वेगळी टाइमलाइन) करा. त्यात प्रत्येक प्रकारचं एकेक टायटल ठेवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. कॉपी करायची ती तिथूनच, आणि कॉपीत बदलायचे ते फक्त शब्द. रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी मूळ टायटलं पॉवर बिन या सामाईक फोल्डरमध्ये ठेवावीत, म्हणजे त्याच लायब्ररीतल्या दुसऱ्या प्रोजेक्टमध्येही ती हाताशी राहतात. नाव मावत नसेल तर अक्षर बारीक न करता हुद्दा दुसऱ्या ओळीत घ्या. आमच्या पॅकमधली पट्टी मजकुराबरोबर आपोआप लांब होते.

"पॅकमध्ये आकार आणि जागा बदलायची सोय का नाही?" अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. ती मुद्दाम दिलेली नाही. बदलता येईल ते घाईत बदललं जातंच. एखाद्याला खरंच वेगळं माप हवं असेल तर आम्ही तशी आवृत्ती करून देतो, पण ते माप सगळ्या टायटलना मिळून एकच असेल.

पॅकमधल्या कंट्रोलना (मजकूर भरायच्या चौकटींना) 'ओळ १', 'ओळ २' अशी रुक्ष नावं का, हेही लोक विचारतात. प्रीमियर प्रोमध्ये सुधारलेलं टेम्प्लेट ऑल्ट दाबून जुन्यावर टाकलं की सॉफ्टवेअर विचारतं : हे एकच बदलू की प्रोजेक्टमधली सगळी? 'सगळी' म्हणायचं. तुम्ही भरलेला मजकूर नव्या टेम्प्लेटमध्ये जागच्या जागी बसतो, पण कंट्रोलचं नाव दोन्हीकडे तेच असेल तरच. त्यामुळे आम्ही आवृत्ती बदलली तरी नावं बदलत नाही. तुम्ही आमची फाइल आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून सुधारणार असाल तर तुम्हीही बदलू नका.

टायटल प्रीमियरमध्येच घरच्या घरी बनवलं असेल तर दोन वाटा आहेत, आणि लोक हटकून चुकीची धरतात. टायटलचं 'सोर्स ग्राफिक' केलं की त्याच्या सगळ्या कॉपी एकत्र बदलतात, पण शब्दांसकट. कार्यक्रमाच्या नावासाठी हे उत्तम. पाहुण्यांच्या नावांसाठी वापरलंत तर सगळे पाहुणे एकाच नावाचे होतील. तिथे टेक्स्ट स्टाइल हवी. स्टाइलमध्ये फॉन्ट, आकार, रंग येतो आणि एकात सुधारणा करून ती स्टाइलवर ढकलली की तीच स्टाइल लावलेली बाकीची अक्षरंही बदलतात. अक्षरांची जागा मात्र स्टाइलमध्ये येत नाही.

इफेक्टचं थोडक्यात. तीच सेटिंग पुन्हा लागणार असेल तर प्रीसेट सेव्ह करा. प्रीमियर त्या वेळी तीन पर्याय देतं : स्केल, इन पॉइंटला (क्लिपच्या सुरुवातीला) बांधणं, आउट पॉइंटला (शेवटाला) बांधणं. आत येण्याच्या ॲनिमेशनला इन पॉइंट, बाहेर जाण्याला आउट पॉइंट. स्केल निवडलंत तर क्लिप लांबेल तशी हालचाल मंदावते आणि मग 'तुमचं ॲनिमेशन रेंगाळतं' म्हणून आम्हाला फोन येतो. अ‍ॅट्रिब्यूट पेस्ट करतानाही (एका क्लिपची सेटिंग दुसरीला लावताना) खिडकीतल्या खुणा वाचूनच ओके करा. फक्त रंग न्यायचा असताना मोशनवर खूण राहिली की समोरच्या क्लिपची जागा आणि आकार दोन्ही जातात. रिझॉल्व्ह आणि फायनल कटमध्ये त्याच खिडकीत कीफ्रेमची (हालचालीच्या टप्प्यांची) वेळ तशीच ठेवायची की क्लिपभर ताणायची, हेही ठरवावं लागतं.

सगळ्या दृश्यांना एकच रंगछटा द्यायची असेल तर ॲडजस्टमेंट लेयर (खालच्या सगळ्या ट्रॅकना इफेक्ट लावणारा रिकामा थर) पुरतो. तो टायटलच्या ट्रॅकखाली ठेवा. वर गेला की पांढरी अक्षरं पिवळट दिसतात आणि ठपका आमच्या पॅकवर येतो!

फॉन्टचं एक लक्षात असू द्या. टेम्प्लेटबरोबर फॉन्ट जात नाही. दुसऱ्या मशीनवर तो नसेल तर सॉफ्टवेअर दुसराच लावतं. प्रीमियरमध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाईवर आणा, आम्हाला फोन करण्याआधी.

जुन्या प्रोजेक्टमधली विखुरलेली टायटलं एका मापात आणून देण्याचं कामही आम्ही घेतो. त्यासाठी प्रोजेक्ट फाइल, टेम्प्लेट मीडियाचा फोल्डर, फॉन्टची नावं आणि पाहुण्यांच्या नावांची तपासलेली यादी पाठवा. मीडिया फोल्डर राहिला तर टायटलं उघडतच नाहीत. नावांची यादी टाइप केलेलीच हवी. स्क्रीनशॉटवरून आम्ही नावं भरत नाही, कारण ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली तर दोष कुणाचा, हे नंतर ठरत नाही.