हालचालीतला कट डोळ्यांना का दिसत नाही?

मोबाइलवर एडिटिंग शिकायला घेतलं की बहुतेक जण आधी ट्रान्झिशन्स शोधतात. चित्र गरगर फिरतं, विरघळतं, पानासारखं उलटतं. सुरुवातीला त्यांना हातही लावू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. आधी साधा कट, म्हणजे एका शॉटवरून थेट दुसऱ्या शॉटवर जाणं, शिका. तो का खपून जातो, हे कळलं की निम्मं संकलन कळलं.

आपली नजर सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारते, आणि त्या उडीच्या क्षणी मेंदू दिसणं जवळपास बंद ठेवतो. आरशासमोर उभं राहून आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे आणि मग उजव्याकडे बघा. डोळे हलताना तुम्हाला दिसणार नाहीत, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र स्पष्ट दिसतील. तुकडे बघायचे आणि मधले सांधे गाळायचे, हे मेंदूचं रोजचंच काम आहे. चांगला कट याच सवयीचा फायदा घेतो.

करून बघा. घरातल्या कुणाला तरी चहा प्यायला बसवा. एकदा लांबून, टेबलासकट शूट करा. मग तीच कृती पुन्हा करायला लावून फक्त हात आणि चेहरा जवळून घ्या. दोन्ही वेळा कप त्याच हातात हवा आणि कॅमेरा टेबलाच्या एकाच बाजूला हवा. टाइमलाइनवर, म्हणजे अ‍ॅपमधल्या शॉट जोडायच्या पट्टीवर, आधी कप टेबलावर स्थिर असताना लांबच्या शॉटवरून जवळच्या शॉटवर कापा. कट खटकतो. आता कप उचलून अर्ध्यावर आला असताना कापा. नजर कपामागे निघालेली असते, त्यामुळे सांधा बराचसा लपतो. पुढचा शॉट दोन-तीन फ्रेम (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं) मागून सुरू केला, म्हणजे हालचालीचा तेवढा भाग पुन्हा दिसू दिला, तर बऱ्याचदा आणखी सफाई येते. नव्या चित्रात कप शोधायला नजरेला थोडा वेळ लागतोच. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत ३ फ्रेम म्हणजे ०.१२ सेकंद.

टिम स्मिथ आणि जॉन हेंडरसन या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रेक्षकांना कट दिसला की बटण दाबायचं होतं. मुद्दाम शोधत असूनही हालचालीवर घेतलेल्या कटांपैकी जवळपास एक तृतीयांश त्यांच्या हातून निसटले!

आवाजाचंही असंच. आवाजाला आपण चित्रापेक्षा किंचित लवकर प्रतिसाद देतो. म्हणून कुकरची शिट्टी आधी ऐकवा आणि मग स्वयंपाकघर दाखवा. याला जे-कट म्हणतात.

सगळंच काही डोळ्यांवर सोडता येत नाही. श्टेफान श्वान आणि सेरमिन इल्दिरार या संशोधकांनी तुर्कस्तानात आयुष्यात कधी चित्रपट न पाहिलेल्या प्रौढांना छोट्या फिल्म दाखवल्या. ओळखीची कृती क्रमाने पुढे जात असली की त्यांना गोष्ट कळे, पण शॉट जोडणारा तसा धागा नसला की ते अडखळत. म्हणून सराव चहासारख्या रोजच्या कामापासूनच सुरू करा आणि तयार तुकडा आवाज बंद करून घरातल्या दुसऱ्या कुणाला दाखवा. ‘कट कसे वाटले?’ असं विचारू नका. ‘काय काय घडलं?’ एवढंच विचारा.