पॅड वाटले की गैरहजेरी संपते?

‘पाळी आली की मुली शाळा बुडवतात, पॅड वाटा, प्रश्न मिटेल.’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. सोबत ‘आफ्रिकेत दहातली एक मुलगी पाळीमुळे शाळेत येत नाही’ हा आकडाही. तो भक्कम पाहणीवर उभा नाही.

नेपाळमधल्या चितवन भागात अर्थतज्ज्ञ एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन यांनी काही मुलींना मेन्स्ट्रुअल कप (पॅडऐवजी शरीरात बसवायचे, धुऊन पुन्हा वापरता येणारे छोटे कप) दिले, काहींना नाही, आणि हजेरी तपासली. 2011 मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा: 180 दिवसांच्या शालेय वर्षात पाळीमुळे बुडालेली शाळा सरासरी 0.4 दिवस. कप दिल्याने तीही कमी झाली नाही.

म्हणजे सगळं बरं चाललंय असं नाही. तो आकडा त्या भागापुरता आहे. शिवाय हजेरीपटावर ‘हजर’ असलेली मुलगी पोटदुखीने वाकून बसलेली असू शकते, किंवा डाग दिसेल या धास्तीने फळ्याकडे जायला न उठणारी. हे कुठल्या रकान्यात मांडणार?

शाळेत पाणी नाही, स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही, वापरलेलं टाकायला डबा नाही, तर दप्तरातलं पॅड बदलायचं कुठे? दुखणं तर पॅडने थांबतच नाही, त्याला औषध लागतं.

मग मोफत पॅड बंद करायचे का? अजिबात नाही. स्कॉटलंडने 2020 मध्ये कायदा करून ही साधनं गरज असलेल्या सर्वांना मोफत केली. त्यासाठी हजेरी वाढल्याचा पुरावा कशाला मागायचा? टॉयलेट पेपरसाठी कोणी मागतं का?