अनोळखी माणूस पाणी का देतो?

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि गुजरातेतल्या हजिऱ्याहून ओडिशातल्या पारादीपला जाणारा महामार्ग ५३ नागपुरात एकत्र येतात. त्यामुळे सायकलवर देश ओलांडायला निघालेला माणूस कुठूनही निघो, नागपूर त्याला बहुधा चुकत नाही. थंडीच्या दिवसांत कामठी रोडला, वर्धा रोडला असे प्रवासी हटकून दिसतात. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या, कॅरिअरवर आवळून बांधलेला तंबू, उन्हानं रापलेले हात.

त्यांच्याजवळ थोडा वेळ बसलं की चढ, पंक्चर, ट्रकच्या हवेनं बसणारा हिसका हे विषय पटकन आटोपतात. सांगायचं असतं ते माणसांबद्दल. ढाबेवाल्यानं जेवणाचे पैसे घेतले नाहीत, गुरुजींनी रात्रीपुरती शाळेची खोली उघडून दिली, एका आजींनी थांबवून ताक पाजलं. जवळपास प्रत्येक जण हेच सांगतो, आणि सांगताना थोडा चक्रावलेला असतो. पुन्हा कधी भेट होणार नाही अशा माणसासाठी कोणी इतकं का करावं?

जीवशास्त्रालाही हा प्रश्न बराच काळ सतावत आला आहे, कारण उत्क्रांतीच्या हिशेबात परोपकार महाग पडतो. १९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी नात्यातल्या मदतीचं गणित मांडलं. आपली जनुकं ज्यांच्यात आहेत त्यांच्यासाठी झीज सोसणं परवडतं, असं ते गणित सांगतं. १९७१ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी परतफेडीची बाजू उलगडली: आज मी तुला, उद्या तू मला. सायकलवाला या दोन्हींत बसत नाही. तो नात्यातला नाही, आणि दोन दिवसांनी तो आदिलाबादच्याही पुढे गेलेला असेल.

या कोड्यावर २०११ मध्ये अँड्र्यू डेल्टन, मॅक्स क्रॅस्नो, लेडा कॉस्मिडीस आणि जॉन टूबी यांनी संगणकावर एक कृत्रिम समाज वाढवून पाहिला. त्यांचा मुद्दा असा, की समोरचा माणूस पुन्हा भेटणार की नाही हे खात्रीनं कधीच कळत नाही. पुन्हा भेटणार असलेल्याला वाटेला लावलं, तर पुढच्या सगळ्या देवाणघेवाणीला मुकावं लागतं. कधीच न परतणाऱ्याला पाणी दिलं, तर जातं तांब्याभर पाणी. दुसरी चूक इतकी स्वस्त आहे, की अनेक पिढ्यांनंतर त्या समाजात एकदाच भेटणाऱ्याशीही उदारपणे वागण्याची वृत्ती रुजली. मला हे स्पष्टीकरण पटतं, कारण ते देणाऱ्याला ढोंगी ठरवत नाही. पाणी देताना त्याच्या मनात हिशेब नसतोच. हिशेब असलाच तर तो उत्क्रांतीनं केव्हाच करून टाकलेला आहे.

पण वृत्ती असणं वेगळं आणि हात पुढे होणं वेगळं. जी माणसं सायकलवाल्याला घरी जेवायला नेतात, तीच माणसं सीताबर्डीच्या गर्दीत कोणी भोवळ येऊन बसला तर न थांबता पुढे जाऊ शकतात. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ पासून या तफावतीचा अभ्यास केला. त्यांच्या एका प्रयोगात इंटरकॉमवरून कोणाला तरी झटका आल्याचा आवाज ऐकवला जाई. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के मदतीला धावले. आणखी चार जण ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले फक्त ३१ टक्के. यातून त्यांनी मदतीच्या पाच पायऱ्या मांडल्या: आधी लक्ष जायला हवं, मग ही अडचण आहे हे कळायला हवं, मग हे माझं काम आहे असं वाटायला हवं, काय करायचं ते ठाऊक हवं, आणि शेवटी ते करायला हवं. यातली एक पायरी निसटली तरी चांगला माणूस नुसता बघत उभा राहतो.

लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराला इतकी माणुसकी का भेटते, याचं उत्तर मला या पायऱ्यांत दिसतं. त्याच्या वाट्याला निराळी, जास्त चांगली माणसं येतात असं नाही. सायकल या पायऱ्या सोप्या करते.

पहिली पायरी पाहा. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी मोटार ढाब्यासमोरचं ५० मीटर अंतर सव्वादोन सेकंदांत ओलांडते. ताशी १५ किलोमीटरनं जाणाऱ्या सायकलला तेवढ्याच अंतराला बारा सेकंद लागतात. बारा सेकंदांत नजरानजर होते, हात वर होतो, आणि खाटेवरून विचारून होतं, ‘‘कुठून येऊन राहिले भाऊ? एकटेच का?’’ मोटारीला काच असते, सायकलला नसते. दुसरी पायरीही आपोआप पार पडते. घामानं डबडबलेला माणूस आणि सामान लादलेली सायकल पाहिल्यावर याला काय हवं असेल, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि आडवाटेच्या ढाब्यावर दुपारी तीन वाजता ‘दुसरा कोणी बघेल’ म्हणायला दुसरा कोणी नसतोच.

घाईचा भाग मात्र या सगळ्याहून मोठा वाटतो. १९७३ मध्ये डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन त्यांना बोलायचं होतं, आणि काहींचा विषय होता बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची. वाटेवर एक माणूस खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांना वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांतले ६३ टक्के थांबले. उशीर झालाय असं ज्यांना सांगितलं होतं त्यांतले १० टक्के. बोलण्याचा विषय काय होता, यानं ठळक फरक पडला नाही. आपण शहरातल्या माणसाला फार लवकर निष्ठुर ठरवतो, असं मला हे आकडे पाहून वाटतं. निष्ठुर नसतो तो, घाईत असतो.

गर्दीबद्दलचं जुनं मतही आता थोडं बदललं आहे. ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी तपासलं. दहांतल्या नऊ प्रसंगांत कोणी ना कोणी मध्ये पडलं होतं. एकेका माणसाचा पाय गर्दीत अडखळत असेल, पण माणसं जास्त तितकी निदान एक जण पुढे होण्याची शक्यताही जास्त निघाली.

चौथी पायरी, काय करायचं ते ठाऊक असणं. इथे विदर्भाच्या उन्हाबद्दल बोलायलाच हवं. पायडल मारताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली साधारण चौथाईच चाकाच्या कामी येते, बाकीची उष्णता होते. एक लिटर घाम पूर्ण वाळला की तो अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा त्वचेहून गरम असते, म्हणजे अंग उलट हवेकडून तापू लागतं आणि घामाशिवाय दुसरा उपाय उरत नाही. आपली हवा कोरडी, त्यामुळे घाम येताक्षणी उडून जातो. माठातलं पाणी गार होतं तेही असंच, बाहेर झिरपून वाळणाऱ्या पाण्यामुळे. सायकलवाल्याला वाटतं आपल्याला घाम आलाच नाही, पण त्याच्या शर्टवर मिठाचे पांढरे डाग उमटलेले असतात. ढाब्यावरची माणसं ते डाग बरोबर ओळखतात.

मग त्याला सावलीत बसवतात आणि गूळ-पाणी किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी देतात. आतड्याच्या पेशींत सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषलं जातं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये या जोडवाहतुकीची कल्पना मांडली, आणि जुलाबावरची जलसंजीवनी तिच्यावरच उभी आहे. घामानं थकलेल्याच्या हाती नुसतं पाणी न देता त्यात चिमूटभर मीठ आणि साखर घालणं म्हणूनच योग्य आहे.

काही ठिकाणी तर या पायऱ्या समाजानं आधीच बांधून ठेवलेल्या असतात. पाणपोई ही तशी सोय. लाल फडक्यात गुंडाळलेले माठ, वर मांडव, आणि कोण प्यायला येतो याची विचारपूस नाही. दक्षिणेकडे महामार्ग ४४ वर पांढरकवड्याच्या वाटेत करंजीजवळ गुरुद्वाऱ्याचा लंगर चालतो. २०२० च्या टाळेबंदीत पायी घराकडे निघालेल्या मजुरांना त्यानं जेवू घातलं. अशा जागी ‘हे माझं काम का?’ हा प्रश्नच कोणापुढे येत नाही. कोणीतरी तो आधीच सोडवून ठेवलेला असतो.

ही माणुसकी सगळ्यांना सारखी मिळते का? नाही, आणि हे लपवू नये. २००५ मध्ये मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक तरुण पडून लागल्याचं नाटक केलं. त्याच्या अंगात मँचेस्टरचा शर्ट असला की बहुतेक जण थांबत, प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा असला की फार थोडे. पण चाहत्यांना आधी ‘आपण सगळे फुटबॉलप्रेमी’ असा विचार करायला लावलं, तेव्हा लिव्हरपूलच्या शर्टवाल्यालाही मदत मिळाली. ‘आपला’ कोण, याची सीमा हलते. सायकल ती सीमा रुंदावते, कारण गावातल्या जवळपास प्रत्येकानं कधी ना कधी पायडल मारलेलं असतं. तरीही ‘नाव काय, आडनाव काय’ हे विचारून झाल्यावर आवाज बदलू शकतो, आणि एकट्या बाईला तर मुक्कामाची प्रत्येक जागा दहादा पारखून घ्यावी लागते. पुरुष सायकलस्वारांच्या गोष्टी ऐकून जग सरसकट सुरक्षित आहे असं म्हणणं खोटं ठरेल.

आणखी एक अडचण मागणाऱ्याच्याच मनात असते. नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत एकट्यानं सायकल चालवत पूर्ण केली. अशा शर्यतीत मागे गाडी असते, मदतनीस असतात. फिरस्त्या सायकलवाल्यामागे कोणीच नसतं. त्याला मागावं लागतं आणि मागायला जीव कचरतो. २००८ मध्ये फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा बोन्स (तेव्हाचं आडनाव लेक) यांनी लोकांना अनोळखी माणसांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायला पाठवलं. किती जणांना विचारावं लागेल याचा अंदाज जेवढा होता, त्याच्या जवळपास निम्म्या लोकांतच काम झालं. मागणाऱ्याला आपल्या मागणीचं ओझं दिसतं, पण समोरच्याला ‘नाही’ म्हणणं किती अवघड जातं ते दिसत नाही. २०२२ मध्ये शुआन झाओ आणि निकोलस एपली यांनी याची दुसरी बाजू दाखवली: मदत केल्यावर देणाऱ्याला किती बरं वाटेल, हेही मागणारे कमीच धरतात.

शेवटच्या पायरीवर, प्रत्यक्ष करण्यावर, आपल्याकडे एक जुनी भीती बसलेली आहे. अपघातातल्या माणसाला उचललं तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही ती भीती. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्‌भावनेनं मदत करणाऱ्यावर आता त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी दावा चालत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. राष्ट्रीय महामार्गाची मदतवाहिनी १०३३, रुग्णवाहिका १०८. कामठी रोडपासून करंजीपर्यंत प्रत्येक ढाब्याच्या आणि पंक्चरच्या दुकानाच्या भिंतीवर हे दोन आकडे आणि ते कलम रंगवून घ्यायला हवं.