ऊब बुडबुड्यांची: स्कूबा डायव्हिंगसाठी वेटसूट निवडताना

28 अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत पातळ सुती कपड्यांवर दिवसभर आरामात वावरता येते. तेवढ्याच तापमानाच्या पाण्यात तासभर राहिल्यावर मात्र हुडहुडी भरू लागते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे 24 पट असते आणि एक लिटर पाणी एका अंशाने तापवण्यासाठी एक लिटर हवेच्या तुलनेत साडेतीन हजार पटींच्या आसपास उष्णता लागते. त्वचेला टेकलेले पाणी त्यामुळे शरीराची उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि पुरेसे तापण्याआधीच तिथून सरकून जाते. उघड्या अंगाने पाण्यात स्वस्थ राहणाऱ्या माणसाचे तापमान टिकून राहायचे असेल, तर ते पाणी 33 ते 35 अंशांचे असावे लागते. एवढे गरम समुद्र आणि तलाव फार थोडे असल्यामुळे वेटसूटची गरज थंड प्रदेशातल्या डायव्हरपुरती मर्यादित राहत नाही.

वेटसूट कसा काम करतो याचे एक लोकप्रिय स्पष्टीकरण असे आहे की, सूटमध्ये शिरलेले पाणी अंगाच्या उष्णतेने गरम होते आणि मग तेच पाणी आपल्याला उबदार ठेवते. हे स्पष्टीकरण निम्मेही खरे नाही. आत शिरलेले पाणी आपल्याच शरीराच्या उष्णतेवर तापते, म्हणजे त्याचा भार आपल्यावरच पडतो. ते जितके कमी असेल आणि जितके कमी बदलेल, तितके चांगले. ऊब टिकवण्याचे खरे काम सूटच्या रबरात कोंडलेले वायूचे सूक्ष्म बुडबुडे करतात. हे नेमकेपणाने ओळखणारे ह्यू ब्रॅडनर हे भौतिकशास्त्रज्ञ होते. अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात काम केल्यानंतर ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आले आणि 1950 नंतरच्या एकदोन वर्षांत नौदलाच्या डायव्हरसाठी त्यांनी या सूटचा विचार मांडला. तोपर्यंतचे रबरी पोशाख अंग कोरडे ठेवण्यासाठी धडपडत असत, आत लोकरीचे कपडे असत आणि पोशाखाला छोटेसे भोक पडले तरी लोकर भिजून सगळी ऊब संपत असे. ऊब जर पोशाखाच्या पदार्थातच कोंडलेली असेल तर अंग ओले झाले तरी बिघडत नाही, हा ब्रॅडनर यांचा मुद्दा होता. वेटसूट निवडतानाचे बहुतेक प्रश्न याच मुद्द्यापाशी येऊन सुटतात.

तो पदार्थ म्हणजे निओप्रीन. पॉलिक्लोरोप्रीन हे कृत्रिम रबर ड्यूपाँ कंपनीत 1930 साली तयार झाले. वेटसूटसाठी त्याचा फेस करतात आणि प्रत्येक बुडबुडा रबराच्या भिंतींनी चारही बाजूंनी बंद राहील अशी काळजी घेतात. अंघोळीच्या स्पंजातली छिद्रे एकमेकांना जोडलेली असल्यामुळे तो पाणी शोषतो. निओप्रीनचा फेस शोषत नाही. या फेसाची उष्णतावाहकता पाण्याच्या सुमारे एक दशांश असते.

बुडबुड्यांची हीच खासियत खोल पाण्यात सूटची मोठी उणीव ठरते. पृष्ठभागावर दाब एक वातावरण असतो, 10 मीटर खोलीवर तो दोन वातावरणे होतो आणि 30 मीटरवर चार. तापमान स्थिर असता दाब वाढला की वायूचे आकारमान त्याच प्रमाणात घटते, हा शाळेत शिकलेला बॉइलचा नियम इथे अंगावर अनुभवायला मिळतो. 7 मिलिमीटर जाडीच्या फेसात चार पंचमांश वायू आहे असे धरले, तर रबराची घन जाडी 1.4 मिलिमीटर आणि वायूची 5.6 मिलिमीटर होते. 30 मीटरवर वायूचा वाटा चौथाईवर आला की कागदी हिशेबाने उरते जेमतेम 3 मिलिमीटर. रबराच्या ताठरपणामुळे प्रत्यक्षातले आकुंचन याहून काहीसे कमी भरते, आणि चांगल्या डायव्हिंग सूटमध्ये घट्ट प्रतीचा फेस वापरतात तो याच कारणासाठी. तरीही टॅगवर छापलेली जाडी ही पृष्ठभागावरची जाडी असते, हे लक्षात ठेवूनच सूट निवडावा. भरीला भर म्हणजे खोलवरचे पाणी बहुधा अधिक थंड असते. वरचा कोमट थर आणि खालचा थंड थर यांच्यामधल्या सीमेवर, ज्याला थर्मोक्लाइन म्हणतात, तापमान काही मीटरांत अनेक अंशांनी घसरू शकते. सूट निवडताना विचारात घ्यायचे तापमान आपण ज्या खोलीवर अधिक वेळ काढणार आहोत तिथले असते. किनाऱ्यावर पाय बुडवून घेतलेला अंदाज इथे उपयोगाचा नाही.

दबलेल्या सूटचा परिणाम तरंगण्यावरही होतो. सुमारे 1.6 चौरस मीटर अंग झाकणाऱ्या 7 मिलिमीटरच्या सूटचे आकारमान 11 लिटर भरते आणि त्याचे स्वतःचे वजन तीन किलोच्या आतबाहेर असते, म्हणजे पृष्ठभागावर तो डायव्हरला सुमारे आठ किलोंच्या बलाने वर ढकलतो. खाली जाण्यासाठी तेवढे शिसे कमरेला बांधावे लागते. 30 मीटरवर मात्र सूटचे बहुतांश प्लावक बल नाहीसे होते आणि शिसे तेवढेच राहते, म्हणून ती तूट डायव्हरच्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरून काढावी लागते. ‘थंडी नको, सरळ जाडच सूट घेऊ’ असे म्हणणाऱ्या नवशिक्याच्या हे ध्यानात येत नाही. कोमट पाण्यासाठी अवाजवी जाड सूट घेणे म्हणजे जास्तीचे शिसे, जॅकेटमधल्या हवेची जास्तीची उठाठेव आणि हालचालीला होणारा अडसर पत्करणे होय.

जाडीचा ठोकताळा साधारण असा सांगता येईल: 27-28 अंशांच्या वरच्या पाण्यात 2 ते 3 मिलिमीटर, 20 ते 26 अंशांच्या दरम्यान 5 मिलिमीटर आणि त्याखाली 7 मिलिमीटर, शक्यतो हुडासह. पाणी 10 ते 12 अंशांपेक्षा थंड असेल तर बहुतेक जण अंग कोरडे ठेवणाऱ्या ड्रायसूटकडे वळतात. ईएन 14225-1 या युरोपीय मानकात वेटसूटचे ए ते डी असे चार उष्णता-वर्ग केलेले आहेत. त्यांतील ए वर्ग सर्वांत थंड पाण्यासाठी असून शेजारच्या वर्गांच्या मर्यादा एकमेकींत थोड्या मिसळलेल्या आहेत. हा मिसळलेला भाग मला मानकाचा प्रामाणिकपणा वाटतो. एकाच पाण्यात एकाच जाडीचा सूट घातलेल्या दोन माणसांपैकी सडपातळ माणूस लवकर गारठतो, कारण त्याच्या त्वचेखाली चरबीचे अस्तर कमी असते आणि वजनाच्या मानाने अंगाचे क्षेत्रफळ जास्त असते. एका दिवसात तीन डाइव्ह करणाऱ्याला तिसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा अधिक थंडी वाजते, कारण मधल्या विश्रांतीत गमावलेली उष्णता पूर्ण भरून निघालेली नसते. अशांनी ठोकताळ्यापेक्षा एक पायरी वरचा सूट घ्यावा.

तरीही जाडीची चर्चा जेवढी होते, तेवढी मापाची होत नाही, आणि माझ्या मते चूक इथेच होते. अंगाला नीट न बसणारा 7 मिलिमीटरचा सूट नीट बसणाऱ्या 5 मिलिमीटरच्या सूटपेक्षा थंड ठरू शकतो. सूट आणि त्वचा यांच्यामध्ये पोकळी राहिली की तिथे पाणी साठते, आणि प्रत्येक हालचालीसरशी ही पोकळी भात्यासारखी काम करून तापलेले पाणी बाहेर टाकते व थंड पाणी आत ओढते. अशी पोकळी बहुतेक वेळा कमरेच्या मागच्या खोलगट भागात, काखेत, जांघेत आणि मानेच्या मागे राहते. दुकानात आरशासमोर ताठ उभे राहून ती दिसत नाही. उकिडवे बसावे, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, पोहताना करतो तशी पाठ मागे वाकवावी आणि त्या अवस्थेत कोणाला तरी कमरेवरचा सूट चिमटीत पकडून पाहायला सांगावे. निओप्रीन सहज हातात येत असेल तर तो सूट आपला नाही. दुसरीकडे, कोरड्या अंगावर सूट चढवताना घाम फुटला म्हणून तो लहान ठरत नाही, कारण पाण्यात गेल्यावर तो थोडा सैलावतो. पूर्ण श्वास घेताना छाती आवळली जात असेल, हातांना मुंग्या येत असतील किंवा गळा दाबल्यासारखा वाटत असेल, तर मात्र तो निश्चित लहान आहे. गळ्याच्या बाबतीत तडजोड करूच नये. मानेतल्या मुख्य धमनीच्या भिंतीत रक्तदाब जोखणारे चेतातंतू असतात. गळपट्टीने तिथे सतत दाब दिला तर शरीर त्याचा अर्थ रक्तदाब वाढल्याचा लावते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. पाण्याखाली येणारी भोवळ परवडण्यासारखी नसते.

शिवण आणि झिप हे पाणी शिरण्याचे पुढचे मार्ग. सपाट शिवणीत सुई निओप्रीनच्या आरपार जाते आणि प्रत्येक टाक्याबरोबर एक भोक पडते; कोमट पाण्यात ते चालून जाते. थंड पाण्यासाठी कडा आधी चिकटवून नंतर सुई अर्ध्या जाडीपर्यंतच जाईल अशी आंधळी शिवण घातलेला सूट बघावा. मनगट, घोटे आणि मान यांपाशी आतून गुळगुळीत पट्ट्या लावून पाण्याची ये-जा आणखी रोखणारे सूट सेमी-ड्राय म्हणून विकले जातात. नाव फसवे आहे, अंग ओलेच होते, पण पाणी फारसे बदलत नाही आणि सारा फायदा त्यातच आहे.

सर्फिंगचा सूट आधीपासून घरात असेल, तर तोच वापरण्याचा मोह होतो. त्याचा फेस ताणला जावा म्हणून मऊ केलेला असतो आणि म्हणूनच खोलीवर लवकर दबतो. उथळ, कोमट पाण्यापलीकडे तो नेऊ नये. आतल्या बाजूला धातूचा चमकदार थर देऊन शरीराची उष्णता परावर्तित करण्याचा दावाही काही उत्पादक करतात. हवेत उष्णतेचे प्रारण महत्त्वाचे असते. पाण्याची पातळ फिल्मदेखील अवरक्त किरण शोषून घेते, त्यामुळे त्वचेला खेटलेल्या ओल्या सूटमध्ये अशा आरशाला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. त्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा चांगला हुड घ्यावा.

हुडाविषयी एक दंतकथा मात्र दूर सारायला हवी. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. डोक्याचे क्षेत्रफळ अंगाच्या सुमारे एक दशांश भरते, आणि तिथून होणारा उष्णतेचा ऱ्हास त्याच पट्टीतला असतो. परंतु बाकीचे सर्व अंग झाकलेले असताना उघडे राहिलेले डोके ही मोठी गळती ठरते. हातापायांच्या रक्तवाहिन्या थंडीत आकसतात, तशा टाळूच्या फारशा आकसत नाहीत, हेही त्यामागचे एक कारण आहे.

एवढा खटाटोप केवळ सुखासाठी नाही. थंडीने बोटे बधिर झाली की झडपा आणि बकले हाताळणे अवघड होते, कुडकुडताना श्वासाची गती वाढून टाकीतली हवा लवकर संपते आणि विचारही मंदावतो. डीकॉम्प्रेशन सिकनेसशी, म्हणजे वर येताना दाब घटून शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे झाल्याने होणाऱ्या विकाराशी, थंडीचा संबंध आणखी सूक्ष्म आहे. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातून असे दिसले की, तळाशी असताना उबदार आणि वर येताना थंड राहिलेल्या डायव्हरना या विकाराचा धोका जास्त असतो. तळाशी रक्तप्रवाह भरपूर असल्याने ऊती अधिक नायट्रोजन शोषतात आणि नंतर थंडीने रक्तवाहिन्या आकसल्यामुळे तो बाहेर पडायला वेळ लागतो. वेटसूटमधला डायव्हर डाइव्हच्या अखेरीसच सर्वाधिक गारठलेला असतो, म्हणून सूटचा पुरेपणा शेवटच्या दहा मिनिटांवरून जोखावा.

वारंवार दबून आणि उन्हात वाळून निओप्रीनमधले बुडबुडे हळूहळू फुटतात किंवा चपटे होतात. सूट पातळ आणि ताठर होतो आणि त्याला पूर्वीपेक्षा कमी शिसे लागू लागते. वापरलेला सूट विकत घेताना गुडघे, बैठक आणि टाकी टेकते तो पाठीचा भाग चिमटीत धरून कॉलरजवळच्या भागाशी ताडून पाहावा. कॉलरपाशी 5 मिलिमीटर आणि पाठीवर 3 अशी तफावत हाताला लागली, तर तो 3 मिलिमीटरचा सूट समजूनच त्याचा विचार करावा.