दिव्यांगांसाठी घोडेस्वारी प्रशिक्षक : ब्रिटनमधील प्रशिक्षण

शारीरिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांचे अपंगत्व असलेल्यांना घोड्यावर बसायला आणि घोडा हाकायला शिकवणारा प्रशिक्षक घडवण्याची ब्रिटनमधील पद्धत. हे काम मुख्यतः ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ म्हणजेच आरडीए ही धर्मादाय संस्था आपल्या देशभरच्या स्थानिक गटांमार्फत करते. गट स्वयंसेवकांच्या बळावर चालतात आणि प्रशिक्षकही बहुधा विनावेतन शिकवतात. शिक्षण मात्र कसून होते आणि त्यातला मोठा भाग वर्गात नव्हे, रिंगणात पार पडतो.

या चळवळीमागे एक नाव आवर्जून सांगितले जाते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखाली पाय लुळे पडले. घोड्यावर चढता-उतरताना त्यांना दुसऱ्याचा हात लागे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज हा घोड्याकडून ठरलेल्या हालचाली अचूक करून घेण्याचा घोडेस्वारीचा प्रकार स्त्रियांसाठी प्रथमच खुला झाला. ‘ज्युबिली’ या घोडीवर हार्टेल यांनी त्यात पुरुषांशी स्पर्धा करून रौप्यपदक पटकावले आणि 1956 मध्ये स्टॉकहोमला पुन्हा तेच करून दाखवले. पुढच्या काळात ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी अपंग मुलांसाठी घोडेस्वारीचे गट निघाले. ते एकत्र येऊन 1969 मध्ये आरडीए स्थापन झाली. राजकन्या ॲन 1971 पासून संस्थेच्या आश्रयदात्या झाल्या व नंतर अध्यक्ष. ‘तुम्हाला काय करता येते, तेच महत्त्वाचे’ अशा अर्थाचे संस्थेचे ब्रीदवाक्य आहे आणि प्रशिक्षकाची सारी तयारी त्याभोवती फिरते.

चालत्या घोड्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशी एकाच वेळी हलते. माणूस चालतो तेव्हा त्याच्या कमरेची जशी हालचाल होते तशीच ही असते. त्यामुळे ज्याला कधी चालता आले नाही त्याच्या कमरेला आणि पाठीलाही चालण्याची लय मिळते. भौतिकोपचार (फिजिओथेरपी) किंवा व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) करणारे तज्ज्ञ याच हालचालीचा उपचार म्हणून उपयोग करतात, त्याला हिपोथेरपी म्हणतात. घोडेस्वारी प्रशिक्षकाचे काम वेगळे आहे. समोरचा माणूस त्याच्या लेखी रुग्ण नसून शिकाऊ स्वार असतो. स्नायू सैल झाले, तोल सुधारला तर आनंदच, पण तासाचे उद्दिष्ट ‘आज घोडा स्वतः थांबवायचा’ असे असते. प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच हा फरक पक्का करून घेतात, आणि ते योग्यच आहे. उपचाराच्या नावाखाली मुलाला तासभर नुसते फिरवून आणणे सोपे असते, पण त्यात ते मूल काहीच शिकत नाही.

प्रशिक्षक व्हायला निघालेला माणूस बहुधा आधी स्वयंसेवक असतो. तो घोड्याला खरारा करतो, खोगीर चढवतो, तंग आवळतो, घोडा धरून चालतो, स्वाराच्या बाजूने चालत आधार देतो. मुले व असुरक्षित प्रौढांबरोबर काम असल्याने पूर्वचारित्र्याची तपासणी, संरक्षणविषयक नियम आणि प्रथमोपचार हे ओघाने येतेच. त्यानंतर तो गटातल्या अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली तास आखू लागतो, घेऊ लागतो, आणि प्रत्येक पायरीची नोंद ठेवतो. अखेरीस परीक्षक त्याचा प्रत्यक्ष तास पाहून निर्णय देतात. पुढे अनुभवानुसार वरच्या पातळीच्या जबाबदाऱ्या येतात. तो जिल्हा किंवा विभाग पातळीवर इतर प्रशिक्षकांना शिकवू शकतो.

अपंगत्वांचा अभ्यास इथे कामापुरता पण नेमका असतो. डाउन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. अशा मानेला धक्का बसला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते, म्हणून बसवण्यापूर्वी मानेविषयी खात्री करून घ्यावी लागते. आटोक्यात नसलेली फिट, निखळणारा खुबा, दाबाने झालेल्या जखमा, ठिसूळ हाडे अशा अवस्थांत वैद्यकीय सल्ल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आशेने आलेल्या आईवडिलांना ‘सध्या नको’ असे सांगण्याची वेळही प्रशिक्षकावर येते.

सगळ्यात जोखमीचा क्षण चढण्याचा. त्यासाठी चढण असलेला ओटा म्हणजे रॅम्प असतो. त्यावरून चाकाची खुर्ची घोड्याच्या पाठीजवळच्या उंचीपर्यंत नेता येते. घोडा रॅम्पला अगदी लागून, सरळ उभा राहिला पाहिजे, कारण मध्ये फट राहिली तर स्वार तिथेच घसरेल. घोडा धरणारा त्याच्या तोंडापुढे, पलीकडच्या बाजूला एक मदतनीस आणि स्वाराजवळ प्रशिक्षक अशी माणसे उभी असतात. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूतील बिघाडाने स्नायूंवर नीट ताबा न राहिल्यामुळे, मांड्या ताठरलेल्या मुलाचा पाय झटक्यात ओढला तर स्नायू आणखी आखडतात. म्हणून प्रशिक्षक गुडघा वाकवून, ताठरपणा ओसरण्याची वाट पाहत, तो पाय घोड्याच्या मानेवरून सावकाश पलीकडे नेतो. तोपर्यंत सूचना देणारा आवाज एकच असावा लागतो. घोडा बिथरला तर स्वाराला तातडीने उतरवून घेण्याचा सरावही मदतनिसांकडून पुन्हा पुन्हा करून घेतात. अशा वेळी घोडा धरणाऱ्याने स्वाराकडे धाव घ्यायची नसते. काही झाले तरी त्याने घोड्यापाशीच राहायचे.

घोडा निवडणे हीच निम्मी शिकवणी म्हणता येईल. मांड्या ताठर असतील तर अरुंद पाठीचा, संथ आणि सलग चालीचा घोडा बरा. अंग फार सैल असेल तर चपळ पावलांचा घोडा स्वाराला सावरून बसायला भाग पाडतो. पाऊल आरपार जाऊन अडकू नये म्हणून पुढून बंद असलेल्या रिकिबी वापरतात. पकड कमजोर असेल किंवा एकच हात चालत असेल तर शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांचा लगाम देतात. शिकवताना भाषाही बदलावी लागते. अंध स्वारासाठी रिंगणाच्या कडेला जागा ओळखण्यासाठी लावलेल्या अक्षरांपाशी माणसे उभी राहून आपापले अक्षर पुकारतात आणि त्या आवाजाच्या रोखाने स्वार घोडा वळवतो. कर्णबधिर स्वाराला सारे काही घोडा उभा असतानाच, समोर उभे राहून समजवावे लागते. स्वमग्न मुलाला एक छोटी सूचना देऊन गप्प राहायचे असते. नवशिक्या प्रशिक्षकांना ही शांतता सोसवत नाही. ते पुन्हा सांगतात, आणि मुलाच्या मनात जुळत आलेले सूत्र तुटते.

याहून अवघड भाग मदत काढून घेण्याचा. बाजूच्या मदतनिसाचा हात आज स्वाराच्या मांडीवर असेल, तर तो पुढे कधी फक्त घोट्याजवळ आणायचा, कधी पूर्ण हटवायचा, घोडा धरणाऱ्याने दोरी कधी सोडायची, याचे कोष्टक नसते. फार लवकर सोडले तर अपघात होतो. फार उशीर केला तर स्वार कायमचा प्रवासी बनून राहतो आणि ही दुसरी चूक कोणाच्या नजरेलाही येत नाही. परीक्षक तासात प्रशिक्षक कुठे पाहतो यावर बारीक लक्ष ठेवतात ते यासाठीच.

घोड्याची काळजी हाही परीक्षेचा विषय आहे. तोल नसलेले स्वार, दोन्हीकडे चालणारी माणसे, तोच तो रॅम्प यांनी शांत घोडाही कंटाळतो. कान मागे पाडणे, शेपटी झटकणे, रॅम्पजवळ येताच अंग चोरणे ही चिन्हे दिसली की त्याला सुट्टी द्यावी लागते, एखाद्या सराईत स्वाराकडून मोकळा फिरवून आणावा लागतो. खोगिरासह स्वाराच्या वजनाची मर्यादाही कटाक्षाने पाळली जाते.

गटांतून शिकलेले काही स्वार स्पर्धेपर्यंत जातात. पॅरा-ड्रेसाज म्हणजे अपंग स्वारांचे ड्रेसाज 1996 च्या अटलांटा पॅरालिंपिकपासून खेळला जातो आणि त्यात अपंगत्वाच्या तीव्रतेनुसार पाच श्रेणी आहेत. पहिली सर्वाधिक तीव्र, तिच्यातले स्वार फक्त साध्या चालीवर स्पर्धा करतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सोफी ख्रिश्चनसन वयाच्या सहाव्या वर्षी आरडीएच्या गटात घोड्यावर बसल्या. त्यांनी पुढे पॅरालिंपिकमध्ये आठ सुवर्णपदके जिंकली.

अमेरिकेत अशीच संघटना 1969 मध्येच उभी राहिली. 2011 पासून ती पाथ इंटरनॅशनल या नावाने ओळखली जाते. तिथे प्रशिक्षकाला संघटनेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. मिशिगन राज्यातील ऑगस्टा येथील शेफ सेंटर हे प्रशिक्षक घडवणाऱ्या जुन्या केंद्रांपैकी एक आहे.